९७११२ : त्या पंधरा मिनिटांत नेमके काय घडले

नुकतीच मुंबईहून न्यू जर्सीत आलेली आणि आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये रुजू झालेली एक मुलगी परवा संध्याकाळी आपली नोंद घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, हे परत का पाठवलं?" स्क्रीनवर इंग्रजीत जे लिहिले होते त्याचा आशय एवढाच होता : तोलाचे व्यायाम, १५ मिनिटे, पेशंटने उपचार चांगले सहन केले, पुढे हेच चालू ठेवावे. बाजूला बिलासाठीचा कोड होता ९७११२. उत्तर देण्यापूर्वी मला क्षणभर थांबावे लागले, कारण सुरुवातीच्या काळात मीही जवळजवळ याच शब्दांत नोंदी लिहीत असे आणि त्याची किंमत एका पेशंटला मोजावी लागली होती. तिला जे सांगितले ते सविस्तर लिहून ठेवते आहे. आपल्याकडून इकडे येणाऱ्या इतर फिजिओथेरपिस्टनाही त्याचा उपयोग होईल.

ही सवय कुठून येते हे मला ठाऊक आहे. मुंबईतल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत एका सकाळी इतके पेशंट येतात की केस पेपरवर तारीख आणि तिच्यापुढे ‘सीएसटी’, म्हणजे ‘कंटिन्यू सेम ट्रीटमेंट’, एवढे लिहून पुढच्या पेशंटला हाक मारावी लागते. खासगी दवाखान्यात पेशंट प्रत्येक वेळचे पैसे बहुधा स्वतःच्या खिशातून देतो आणि काय उपचार झाले हे त्याने स्वतः अनुभवलेले असते, त्यामुळे ते तिसऱ्या कोणाला कागदावर पटवून देण्याचा प्रसंग क्वचितच येतो. अमेरिकेत पैसे देणारा बहुधा हा तिसराच असतो : मुख्यतः ६५ वर्षांवरील लोकांसाठी असलेली मेडिकेअर ही सरकारी विमा योजना, किंवा एखादी खासगी विमा कंपनी. त्या कचेरीतल्या माणसाने पेशंटला कधी पाहिलेले नसते. त्याच्यापर्यंत फक्त उपचाराचा कोड आणि युनिटची, म्हणजे बिलासाठी मोजलेल्या वेळेच्या हिश्श्यांची, संख्या पोचते, आणि शंका आली की तो नोंद मागवतो. त्याच्या दृष्टीने नोंदीत जे नाही ते घडलेलेच नाही.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनने तयार केलेल्या सीपीटी या कोडपद्धतीत ९७११२ हा आकडा न्यूरोमस्क्युलर रीएज्युकेशनसाठी आहे. आपसांत आम्ही त्याला ‘न्यूरो रीएड’ म्हणतो. मज्जासंस्था आणि स्नायू यांच्यातला बिघडलेला ताळमेळ पुन्हा शिकवणे, असे मराठीत म्हणता येईल. बसून किंवा उभे राहून करायच्या क्रियांसाठी हालचाल, तोल, समन्वय, शरीराची ठेवण आणि सांधा कुठल्या स्थितीत आहे हे न पाहता कळण्याची जाण, म्हणजे प्रोप्रिओसेप्शन, यांचे शिक्षण त्या व्याख्येत येते. दर पंधरा मिनिटांना एक युनिट, आणि तेही थेरपिस्ट एकाच पेशंटबरोबर प्रत्यक्ष काम करत असेल तरच. एकाच वेळी दोघांना व्यायाम देत असाल तर तो ९७१५० हा गटाचा कोड होतो, मग त्यातल्या प्रत्येकाकडे तुम्ही कितीही लक्ष दिलेले असो.

नव्याने आलेल्यांची सर्वांत मोठी गफलत अशी होते की ते व्यायामाच्या नावावरून कोड ठरवतात. फोमच्या गादीवर उभे केले म्हणजे ९७११२, थेराबँड, म्हणजे व्यायामाचा रबरी पट्टा, ओढायला दिला म्हणजे ९७११०. खुर्चीतून उठण्याची साधी क्रिया घ्या. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद वाढावी म्हणून त्याला दहा-दहा वेळा तीनदा उठवले, तर तो ९७११०, म्हणजे ताकद, दम, सांध्याची हालचाल आणि लवचिकता यांसाठीचा उपचारात्मक व्यायाम. त्याच माणसाला कमोडवरून एका हाताने दांडी धरून, दुसऱ्या हाताने कपडे सावरत उठता यावे यासाठी ती पूर्ण कृती शिकवली, तर तो ९७५३०, म्हणजे रोजच्या कामाशी जोडलेली क्रिया. आणि पक्षाघातानंतर ज्याचा डावा पाय जमिनीवर आहे की हवेत हेच त्याला कळत नाही, त्याला डाव्या पायावर वजन आणायला, धड योग्य वेळी पुढे झुकवायला आणि उठल्यावर शरीराचा मध्य ओळखायला शिकवले, तर तो ९७११२. खुर्ची तीच, उठणेही तेच; कोणता दोष सुधारण्यासाठी ते करून घेतले यावर कोड ठरतो, आणि तो हेतू फक्त थेरपिस्टच्या डोक्यात असतो. तो तिथून कागदावर उतरला नाही तर वाचणाऱ्याला तिन्ही कोड सारखेच दिसतात.

आता त्या पेशंटविषयी. सत्तरी ओलांडलेल्या बाई होत्या. मेंदूच्या उजव्या बाजूला पक्षाघात होऊन शरीराची डावी बाजू कमकुवत झालेली. बसल्या की हळूहळू डावीकडे कलत आणि आपण कलतो आहोत हे त्यांना जाणवत नसे. सहा आठवड्यांत त्या बेसिनपाशी उभ्या राहून एका हाताने दात घासू लागल्या, हे मी रोज डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर मेडिकेअरच्या वतीने क्लेम तपासणाऱ्यांचे पत्र आले आणि ४५ दिवसांच्या मुदतीत कागदपत्रे मागवली गेली. माझ्या ओळीने सहा दिवसांच्या नोंदी शब्दशः सारख्या होत्या, कारण मी आदल्या दिवसाची नोंद पुढे ओढून तारीख बदलत असे. तोलाचे मोजमाप फक्त पहिल्या दिवशी होते. क्लेम नाकारला गेला, आणि कारण असे दिले होते की कुशल थेरपिस्टची गरज होती हे नोंदींवरून दिसत नाही. अपील करण्यासाठी १२० दिवस होते, पण अपिलाला जोडायला माझ्यापाशी आठवणींखेरीज काहीच नव्हते, आणि घडून गेलेल्या दिवसांच्या नोंदी त्याच दिवशी लिहिल्या असे भासवून मागाहून भरणे हा सरळसरळ गुन्हा आहे. मेडिकेअर कदाचित पैसे देणार नाही अशी लेखी सूचना आधी दिलेली नसल्यामुळे ते पैसे बाईंकडून मागता येत नव्हते. ते क्लिनिकवर पडले, आणि त्या क्लिनिकने त्यांचे उपचार ठरल्यापेक्षा लवकर थांबवले. त्यांच्या मुलीने मला विचारले, "आई सुधारत नव्हती का?" त्या प्रश्नाला खरे उत्तर एवढेच होते की ती सुधारत होती आणि मी ते लिहिले नव्हते.

म्हणून परवा मी त्या मुलीला आधी नोंद बाजूला ठेवायला सांगितले आणि विचारले, "त्या पंधरा मिनिटांत तू काय पाहिलंस?" ती मराठीत न थांबता बोलू लागली. पेशंट डोळे उघडे असताना फोमवर बरा उभा राहतो, पण डोळे मिटले की टाचांवर जाऊन मागे पडू लागतो. घोट्यातून तोल सावरण्याऐवजी तो एकदम कमरेतून वाकतो. तिने त्याच्या पाठीमागे उभे राहून ओटीपोटाच्या हाडांवर दोन्ही हात ठेवून त्याला पुढे-मागे डोलायला शिकवले. चौथ्या-पाचव्या वेळेला त्याने पहिल्यांदा घोट्यातून तोल सावरला. फोम फार कठीण जातो आहे असे वाटल्यामुळे तिने तो काढून टणक जमिनीवर डोळे मिटवून काम घेतले. इतके सगळे तिने पाहिले, ठरवले आणि बदलले होते. नोंदीत त्यातले अक्षरही नव्हते.

त्या बाईंच्या एका दिवसाची नोंद मी आज लिहिली असती तर ती साधारण अशी झाली असती. मूळ नोंद अर्थात इंग्रजीत असते; आशय मराठीत देते. ‘खुर्चीतून उठताना डावा पाय मागे घेण्याचे भान नाही, जवळजवळ सर्व वजन उजव्या पायावर. समोर उभा आरसा ठेवला. डाव्या कटिभागावर हाताने खाली आणि पुढे दाब देऊन वजन डावीकडे आणण्याचा इशारा दिला. पहिल्या पाच वेळा प्रत्येक वेळी हाताचा इशारा आणि पंचवीस टक्क्यांपर्यंत मदत लागली. सहाव्या व सातव्या वेळी केवळ तोंडी सूचनेवर उठल्या. आठव्या वेळी डावा गुडघा झटक्याने मागे गेला, म्हणून खुर्चीची उंची दोन इंच वाढवली आणि गुडघ्यामागे हाताचा आधार दिला. त्यानंतरच्या दोन्ही वेळा गुडघा ताब्यात राहिला. आरसा काढल्यावर दहा सेकंदांत डावीकडे कलल्या आणि कलल्याचे स्वतः ओळखले नाही. पुढच्या वेळी आरशाशिवाय, डाव्या हाताला टेबलाचा स्पर्श देऊन मध्य ओळखण्याचे काम.’

यात पेशंटची तारीफ नाही आणि थेरपिस्टचीही नाही. दोष काय आहे, इशारा कुठल्या प्रकारचा आणि किती वेळा द्यावा लागला, पेशंटने काय प्रतिसाद दिला आणि तो पाहून थेरपिस्टने काय बदलले, एवढेच आहे. माझ्या मते शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची. खुर्चीची उंची आठव्या वेळेनंतर वाढवली हे वाचल्यावर घरच्या कोणी माणसाने किंवा मदतनिसाने हे काम केले असते तर काय झाले असते, हे तपासणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. ‘कुशल सेवा’ हा शब्द नोंदीत दहा वेळा लिहिला तरी त्याने काही सिद्ध होत नाही. त्या गुडघ्याच्या झटक्याने होते.

मोजमापे हवीतच. बर्ग बॅलन्स स्केलमध्ये १४ कृती आणि एकूण ५६ गुण असतात. ‘टाइम्ड अप अँड गो’मध्ये पेशंट खुर्चीतून उठून तीन मीटर चालतो, वळतो आणि परत येऊन बसतो, त्याला लागलेले सेकंद मोजतात. पण नुसते ‘बर्ग ३१’ लिहून भागत नाही. त्या ३१ मध्ये गुण कुठे गेले ते लिहा : जागच्या जागी पूर्ण वळताना गेले, की एक पाय दुसऱ्याच्या पुढे ठेवून उभे राहताना गेले? वळताना गेले असतील तर उपचारात वळणे दिसायला हवे, आणि ध्येयातही. ‘तोल सुधारणे’ हे ध्येय म्हणून अपुरे आहे. ‘चार आठवड्यांत स्वयंपाकघरात ओट्याकडून टेबलाकडे वळताना आधाराशिवाय आणि न अडखळता वळता येणे’ हे ध्येय वाचणाऱ्याला समजते आणि मोजताही येते.

आता मिनिटांचा हिशेब, ज्याला सगळे घाबरतात. मेडिकेअरच्या नियमाप्रमाणे वेळेवर आधारलेल्या सर्व कोडांची मिनिटे एकत्र करायची : ८ ते २२ मिनिटे म्हणजे १ युनिट, २३ ते ३७ म्हणजे २, ३८ ते ५२ म्हणजे ३, ५३ ते ६७ म्हणजे ४. समजा ९७११२ ची ३३ मिनिटे आणि हाताने केलेल्या उपचाराची, म्हणजे ९७१४० ची, ७ मिनिटे झाली. एकूण ४०, म्हणून ३ युनिट. ९७११२ च्या ३० मिनिटांची २ युनिट झाली आणि ३ मिनिटे उरली. उरलेल्या ३ पेक्षा ७ मोठे, म्हणून तिसरे युनिट ९७१४० चे. सात मिनिटांचे बिल कसे होईल असे नवख्यांना वाटते, पण नियम तसाच आहे. काही खासगी विमा कंपन्या मात्र प्रत्येक कोडची मिनिटे स्वतंत्रपणे मोजतात आणि तिथे या सात मिनिटांचे काहीच मिळत नाही, त्यामुळे पेशंटचा विमा कोणता हे आधी पाहावे लागते.

या हिशेबात एक मोह आहे आणि त्याविषयी मला स्पष्ट लिहायचे आहे. ३७ मिनिटांची २ युनिट होतात आणि ३८ ची ३. दिवसातून दहा पेशंट पाहणाऱ्याला घड्याळातले ते एक मिनिट फार जवळचे वाटते. पण पेशंट दम खायला बसला, बाथरूमला गेला किंवा एखादे साधन मोकळे होण्याची वाट पाहत राहिला तर ती मिनिटे मोजायची नाहीत. नोंद लिहिण्याची मिनिटेही मोजायची नाहीत. पक्षाघाताचा पेशंट ४५ मिनिटे आपल्यापाशी असतो तेव्हा त्यातली सात-आठ मिनिटे विश्रांतीतच जातात. मी खिशात छोटे स्टॉपवॉच ठेवते आणि पेशंट बसला की ते थांबवते. सुरुवातीला ते विचित्र वाटले, पण आता ३७ झाली तर ३७ लिहिताना मनात काही होत नाही. नोंदीत वेळेवर आधारलेल्या उपचारांची एकूण मिनिटे आणि संपूर्ण उपचाराची एकूण मिनिटे, अशा दोन्ही संख्या असणे मेडिकेअरने बंधनकारक केले आहे. प्रत्येक कोडची मिनिटे वेगळी लिहिण्याची सक्ती नाही, तरी मी ती लिहितेच.

कोडाच्या दरातही फरक आहे, आणि तिथे दुसरा मोह येतो. मेडिकेअरच्या २०२५ च्या शुल्कपत्रकात थेरपिस्टच्या कामाचे मोल, डॉलरमध्ये नव्हे तर तुलनेच्या एककात, ९७११० साठी ०.४५ आणि ९७११२ साठी ०.५० धरलेले होते. फरक लहान, पण वर्षभराच्या युनिटांवर तो मोठा होतो. मी पूर्वी ज्या एका ठिकाणी काम करत होते तिथे व्यवस्थापक आम्हाला दर आठवड्याला विचारत असे की गुडघ्याच्या आणि खांद्याच्या पेशंटना ९७११२ का लावत नाही. गुडघ्याच्या पेशंटला हा कोड लावता येतच नाही असे मुळीच नाही. शस्त्रक्रियेनंतर सांध्याची जाण खरोखर कमी होते, वारंवार घोटा मुरगळणाऱ्याला एका पायावर पाच सेकंदही उभे राहता येत नाही, आणि अशा वेळी ९७११२ अगदी योग्य असतो, पण दोन्ही पायांवरचे सेकंद मोजून लिहिलेले असतील तर. मोजमाप नाही, समन्वयाचा दोष लिहिलेला नाही, आणि तरीही प्रत्येक पेशंटच्या प्रत्येक दिवशी तोच कोड, हे तपासणाऱ्याच्या लगेच लक्षात येते, आणि यायलाच हवे. मी तेव्हा नकार दिला आणि काही महिन्यांनी ती नोकरी सोडली.

हे एकट्यादुकट्याचे प्रश्न नाहीत. अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी मार्च २०१८ मध्ये एक अहवाल काढला. २०१३ च्या उत्तरार्धातले बाह्यरुग्ण फिजिओथेरपीचे ३०० क्लेम त्यांनी तपासले, त्यांपैकी १८४, म्हणजे ६१ टक्के, उपचाराची गरज, कोड किंवा नोंदी यांपैकी कशात तरी कमी पडले, आणि त्या सहा महिन्यांत मेडिकेअरने सुमारे ३६.७ कोटी डॉलर चुकीने दिले असा अंदाज त्यांनी मांडला. व्यवसायातल्या अनेकांनी त्या अहवालाच्या पद्धतीवर आक्षेप घेतले. मला मात्र तो वाचताना माझ्या त्या सहा सारख्या नोंदी आठवल्या.

बाकीचे नियम पाठ करण्यासारखे आहेत, ते थोडक्यात सांगते. उपचारांच्या आराखड्याला डॉक्टरांची मान्यता लागते आणि ती जास्तीत जास्त ९० दिवस चालते. दर दहा उपचारदिवसांमागे किमान एकदा थेरपिस्टने स्वतः प्रगतीचा अहवाल लिहायचा असतो. सहायकाने लिहिलेला चालत नाही. फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपी मिळून वर्षाचा खर्च ठराविक मर्यादेपलीकडे गेला, २०२५ साली ती २,४१० डॉलर होती, की क्लेमवर केएक्स हे चिन्ह लावून गरज अजून आहे असे आपण जाहीर करतो, आणि त्या जाहीर करण्यामागे नोंदीचा आधार असावा लागतो. सहायकाने उपचार दिले तर सीक्यू चिन्ह लागते आणि मोबदला ८५ टक्के मिळतो.

एका गोष्टीवर मात्र थांबले पाहिजे, कारण तिच्याविषयीचे अज्ञान पेशंटना फार महागात पडते. पेशंट सुधारत नसेल तर मेडिकेअर पैसे देत नाही, असे अजूनही कित्येक थेरपिस्ट मानतात. ‘जिमो विरुद्ध सेबेलियस’ या खटल्यातल्या तडजोडीला जानेवारी २०१३ मध्ये न्यायालयाने मान्यता दिली आणि तेव्हापासून हे स्पष्ट आहे की आहे ती क्षमता टिकवण्यासाठी किंवा ढासळणे लांबवण्यासाठी कुशल थेरपिस्टची गरज असेल तर तो उपचारही मान्य आहे. पार्किन्सन्सच्या पेशंटचा बर्गचा आकडा सहा महिन्यांनी तेवढाच राहिला तर ते आमच्या कामाचे यशच असू शकते. पण मग नोंदीत हे यायला हवे की घरच्यांनी करून घेतलेला व्यायाम पुरेसा का नाही, आणि थेरपिस्टच्या नजरेविना कोणता धोका आहे.

अशाच एका पार्किन्सन्सच्या गृहस्थांना वळताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होत. मी नोंदीत लिहिले होते : ‘डावीकडे वळताना पाय अडतात, पाचपैकी चार वेळा. जमिनीवर रंगीत पट्ट्या लावून घड्याळाच्या आकड्यांवर पाऊल टाकल्यासारखे, तुकड्या-तुकड्यांनी वळायला सांगितल्यावर पाचपैकी एकदाच अडले.’ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांमुळे पेशंटना आपल्या नोंदी पोर्टलवर लगेच वाचता येतात. पुढच्या भेटीत त्यांच्या पत्नीने फोनवर एक छायाचित्र दाखवले. त्यांनी नोंद वाचून स्वयंपाकघरात शेगडीपासून सिंकपर्यंत अर्धवर्तुळात पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. पट्ट्यांमधले अंतर जरा जास्त झाले होते. मी टेप घेऊन ते मोजले, त्यांच्या पावलाला साजेसे कमी करून दिले, आणि त्या दिवशीच्या नोंदीत दोन्ही अंतरे लिहिली.